खेळण्याला एक दिवस हवा

लालबाग, मुंबई
श्रावण

चि. मनूस,


तुझी जपानहून आलेली पेटी पोचली. कस्टमवाल्यांनी ती वाटेत उघडून पुन्हा चिकटपट्टी मारली होती, पण तू एकेक वस्तू इतकी निगुतीने कागदात गुंडाळलेली की कशाला ओरखडासुद्धा नाही. लाकडी कोकेशी, लाल डारुमा, डोक्यावर टोपली घेतलेला कागदी कुत्रा, दोन गोळ्यांची डुगडुगी, लाल दाणे भरलेल्या कापडी थैल्या आणि खडीसाखरेसारख्या रंगीत गोळ्यांची काचेची बाटली. सोबत तुझी चिठ्ठी : ‘आत्या, हे सगळं शोकेसमध्ये नीट लाव, चाळीतल्या पोरांच्या हातात देऊ नकोस.’

मनू, ते मी केलेलं नाही. पोरांच्याच हातात दिलंय. का दिलं ते फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण तुझ्यासारख्या कितीतरी लेकी-सुना आज तोक्योच्या निशी-कासाईत, पुण्यात, ठाण्यात मुलं वाढवताहेत आणि सगळ्यांच्या घरात तो काचेचा कप्पा आहे.

कोकेशीपासून सुरुवात करते, कारण ती हातात घेतल्यापासून मला सोडवत नाही. तू नारुकोहून आणलीस असं लिहिलंयस. नारुको ज्या तोहोकू भागात आहे, तिथल्या डोंगरांत लाकडाचे वाडगे, ताटं कातणारे कारागीर राहायचे. त्याच डोंगरांत गरम पाण्याचे झरे. शेतीची कामं उरकली की शेतकरी अंग शेकायला तिथे मुक्कामाला यायचे आणि परतताना पोराबाळांसाठी काहीतरी न्यायचे. त्यांच्यासाठी या कातारींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहुल्या कातायला घेतल्या. हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोकं, दंडगोल अंग, अंगावर शेवंतीची फुलं आणि चेहऱ्यावर चार-पाच रेघा. बस.

आणि मान फिरवली की ती कुईकुई करते! चाळीतल्या पोरांनी पहिल्या दिवशी एवढंच केलं, आळीपाळीने मान फिरवली. तुझे आजोबा मिलच्या वर्कशॉपात लेथवर होते. ते असते तर त्यांनी पोरांना यातली गोम लगेच सांगितली असती. धड लेथवर फिरत असतानाच डोक्याखालची खुंटी त्याच्या भोकात दाबतात. घासून घासून लाकूड तापतं, खुंटी आत सरकते आणि गार झाली की निघत नाही, पण फिरते. तो आवाज त्या घट्टपणाचा आहे. गळ्याभोवतीचे, खांद्यावरचे रंगीत पट्टेही असेच : बाहुली फिरत असते, कारागीर कुंचला नुसता टेकवून धरतो.

हे वाचताना तुला सावंतवाडी आठवली नाही का गं? चितार आळीत हीच विद्या आहे. तिथे कुंचल्याऐवजी लाखेची कांडी असते. फिरत्या लाकडाला ती टेकवली की उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. त्यातून पाळण्यावरचे खुळखुळे, भोवरे, पाटाचे पाय. कातकामाखेरीज कोरून-रंगवून केलेली फळं तर आपल्या प्रत्येक घरात होती : पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाचा आंबा, सीताफळ, फणसाचा तुकडा, लाल मिरची. लालबाग-परळचा गिरणी कामगार मुळात कोकणातला. तो शिमग्याला, गणपतीला गावी जायचा आणि येताना पोरांसाठी वाडीची खेळणी आणायचा. पांगुळगाडा तर एसटीच्या टपावर बांधून आणायचा. नारुकोच्या शेतकऱ्याने केलं तेच इथल्या चाकरमान्याने केलं. माणूस लांब जाऊन परत आला की त्याच्या हातात मुलासाठी काहीतरी हवंच, आणि ते त्या गावचंच हवं.

देशावर ठकी होती. एकसंध लाकडाची बाहुली, अंगालाच चिकटलेले हात, ठसठशीत रंग. मुलगी जरा मोठी झाली की तिच्या मांडीवर ठकी यायची आणि ती तिचं लग्न लावायची. ठकी आणि कोकेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर लांबच्या बहिणी वाटतील. फरक एवढाच की कोकेशीच्या तळाशी करणाऱ्याची सही आहे. तुझ्या बाहुलीला उलटी करून बघ, काळ्या शाईत उभी अक्षरं आहेत. आमच्या ठकीच्या तळाशी कधी कुणाचं नाव नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटते आणि त्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

आता ती काचेची बाटली. तू तिच्यावर लेकीचं नाव घालून ‘चिऊचा आवडता खाऊ’ एवढंच लिहिलंस. मी झाकण उघडून तळहातावर चार दाणे घेतले आणि पाहातच राहिले. मनू, हा तर आपला हलवा! तसाच काटा, तसाच पांढरा-गुलाबी-पिवळा रंग, दाताखाली तसाच कुरकुरीतपणा. तिकडे याला कोनपेइतो म्हणतात, आणि तो जपानात पोर्तुगिजांनी नेला. लुईस फ्रोइस नावाच्या पाद्र्याने १५६९ मध्ये जपानी सरदार ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीत भरून तो भेट दिला, याची नोंद आहे. म्हणजे काचेच्या बाटलीतून द्यायची तुझी पद्धतसुद्धा साडेचारशे वर्षांची. तिरक्या, तापलेल्या, फिरत्या लोखंडी कढईत बारीक दाणे घालायचे आणि पळीपळीने पाक सोडत राहायचं. दाण्यावर काटे उमटून तो पुरेसा मोठा व्हायला दोनेक आठवडे लागतात.

आपल्याकडे घरच्या हलव्याला ते कढईचं यंत्र नसतं. थंडीच्या दिवसांत परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद आच, वाटीत पाक आणि चमच्याने थेंब-थेंब. एका हाताने पाक सोडायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. पाक जरा जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात, आच जरा वाढली की हलवा पिवळा पडतो. बोटं भाजतात. काटा यायला हवेत गारवा लागतो, म्हणून जुन्या बाया पहाटे बसायच्या. गिरगावात, दादरला अजूनही काही घरांत मार्गशीर्षापासून हे काम चालतं. मग ते दाणे दोऱ्याने गुंफून हार, बाजूबंद, मुकुट, बाळाची बासरी. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरन्हाण, या दोन प्रसंगांसाठी. काळ्या झबल्यावर ते पांढरेशुभ्र दागिने घालून बसलेलं पोर ज्याने पाहिलंय त्याला सुबकपणा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. हलव्याचे दागिने अजून होतात, कारण त्यांना संक्रांत आहे. तो दिवस आला की ते लागतातच, आणि लागतात म्हणून करणाऱ्या बायकांना दर थंडीत काम मिळतं. दागिना दुसऱ्या दिवशी मोडून मुलं खाऊन टाकतात, म्हणून पुढच्या वर्षी नवा लागतो. ज्या खेळण्याला, ज्या छोट्या वस्तूला वर्षातला आपला असा एक दिवस आहे, ती जगते. जिचा दिवस गेला, ती शोकेसमध्ये जाते आणि तिथून संग्रहालयात.

तू राहतेस त्या देशाकडे या नजरेने बघ. डारुमा लोक नववर्षाला घेतात. ताकासाकी हे त्याचं गाव. एक डोळा रंगवून इच्छा धरतात, ती पूर्ण झाली की दुसरा रंगवतात आणि वर्ष सरलं की जुना देवळात परत नेऊन देतात, तिथे तो विधिपूर्वक जाळतात. म्हणजे पुन्हा नवा घ्यायचा. ३ मार्चला मुलींसाठी हिना बाहुल्या मांडतात. तोत्तोरीकडे तर कागदी बाहुल्या टोपलीत घालून नदीत सोडून देतात, मुलीची इडापिडा त्यांच्याबरोबर वाहून जावी म्हणून. आपण गिरगाव चौपाटीवर मूर्ती पोचवून येणारी माणसं. दर वर्षी घडवायचं आणि दर वर्षी निरोप द्यायचा, हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. तू पाठवलेला कुत्राही बाळ झाल्यावर भेट देतात, कारण कुत्रीचं बाळंतपण सुखरूप होतं असं मानतात. जन्म हा त्याचा दिवस.

जपानने १९७४ मध्ये पारंपरिक कारागिरीसाठी कायदा केला. एखादी वस्तू त्यात बसायला ज्या अटी आहेत, त्यातली पहिली अट मला फार आवडते : ती वस्तू मुख्यतः रोजच्या जगण्यात वापरली जाणारी असली पाहिजे. नारुको ज्या मियागी प्रांतात आहे, तिथल्या कोकेशीला ती मान्यता १९८१ मध्ये मिळाली. कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं की काचेआड ठेवून कारागीर जगत नाही.

आमच्याकडचा हिशेबही असाच आहे. संक्रांतीला सुगडं लागतात, म्हणून धारावीच्या कुंभारवाड्यातली चाकं फिरतात. परवा पिठोरी अमावास्येला दादरच्या बाजारात मातीचे बैल येतील, शिंगांना बेगड लावलेले. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तुला माहीत आहे ना? मुलं आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात. लाकडी बैल करणारा सुतार तिथे टिकला तो त्या एका संध्याकाळच्या जोरावर. तुझ्या तिकडच्या आइझूची ती मान डोलावणारी लाल गाय, अकाबेको, तीही मुलांना देवीच्या रोगापासून वाचवते अशी श्रद्धा, म्हणून तिच्या अंगावर ते टिपके. इथे माहीमला शीतलादेवीच्या देवळात आपल्या पणज्या त्याच भीतीने दहीभात ठेवायला जात. लेकरू जगावं म्हणून आईने केलेला नवस आणि लेकराचं खेळणं, यांत दोन्हीकडे फार अंतर नव्हतं.

दिवाळीतला किल्ला हे तर सगळ्यांत मोठं उदाहरण. वर्षभर मोबाइलमध्ये मान घातलेली पोरं त्या आठवड्यात चिखलात कोपरापर्यंत बुडालेली असतात. वरती सिंहासनावर महाराज, खाली मावळे, तोफ, गवळण, विहीर, पोवाडा म्हणणारा शाहीर. ही चित्रं कुंभार साच्यातून काढतात, भाजतात, रंगवतात. दादरला दसऱ्यानंतर पाट्याच्या पाट्या येतात. दुर्दैवाने त्यात आता प्लास्टर आणि प्लास्टिकही येतं, पण मातीचा मावळा अजून मिळतो आणि मिळत राहील, कारण किल्ला अजून होतो. पौष पौर्णिमेच्या प्रभादेवीच्या जत्रेत भिरभिरी, पिपाण्या, कागदी साप अजून विकायला बसतात, ते जत्रा भरते म्हणून.

मी सांगतेय तितकं ते सरळही नाही, हे मला माहीत आहे. बारसं अजून दणक्यात होतं, तरी चिमणाळं गेलं. तुझ्या पाळण्यावर होतं ते. तुझ्या आजीने मिलच्या कापडाच्या तुकड्यांचे पोपट, चिमण्या शिवून, आत कापूस भरून, मण्यांच्या माळांनी टांगले होते. तू हात वर करायचीस आणि ते फिरायचं. दिवस राहिला, पण शिवणारी आजी गेली आणि तिने शिकवलेलं कुणी नव्हतं. जागा बॅटरीवर गाणं म्हणणाऱ्या प्लास्टिकने घेतली. तुमच्या इझूच्या इनातोरी गावात हिना सणाला अगदी असेच कापडी मासे, फुलं, बाहुल्या दोऱ्यांवर शिवून टांगतात, जुन्या किमोनोच्या तुकड्यांचे. ते टिकवलंय गावातल्या बायकांनी, एकत्र बसून शिवून आणि पोरींना शिकवून. म्हणजे दिवस हवा आणि हातही हवेत. पण दिवस शिल्लक असेल तर हात परत तयार करता येतात. हे मी अंदाजाने बोलत नाही. सावंतवाडीची गंजिफा अशीच जवळजवळ संपली होती : चिंचोक्याची खळ आणि खडू लावून केलेली पत्त्यांची गोल पानं, दशावताराचा संच एकशेवीस पानांचा, आणि ती रंगवणारा वृद्ध पुंडलिक चितारी. राजवाड्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या; काम चालू आहे. मात्र गंजिफा खेळणारं तिथे फारसं कुणी उरलं नाही, पानं भेट म्हणून, चौकटीत लावायला विकली जातात. जगली, पण अर्धी. मला ते पाहून आनंदही होतो आणि तुटतंही.

‘जपानी खेळणी’ ही मुंबईला काही नवी नाहीत, हेही तुला सांगून ठेवते. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने कोबे ते मुंबई बोटी सुरू केल्या, जमशेटजी टाटांच्या साथीने. जपानी कंपनीची ती पहिलीच दूर पल्ल्याची नियमित फेरी. इथून कापूस ओसाकाच्या गिरण्यांना जायचा आणि तिथून काड्यापेट्या, छत्र्या, काचेच्या बांगड्या आणि खेळणी यायची. पुढे जपानी कापड इतकं स्वस्त येऊ लागलं की परळ-लालबागच्या गिरण्यांना घाम फुटला आणि १९३३ मध्ये त्यावर ७५ टक्के जकात बसली. त्याच काळात बाजारात जपानी सेल्युलॉइडच्या बाहुल्या आणि पत्र्याच्या मोटारी होत्या. दिसायला देखण्या, दाबलं की चेपणाऱ्या, आणि सेल्युलॉइड तर ठिणगी पडली की भडकणारं. ‘जपानी माल’ म्हटलं की लोक नाक मुरडायचे. दुसऱ्या महायुद्धात तो बंदच झाला. आज त्यातली एखादी बाहुली दिसली तर ती जुन्या वस्तूंच्या शौकिनाकडे.

म्हणजे बघ, परक्यांच्या बाजारासाठी लाखोंनी केलेली ती खेळणी संपली आणि डोंगरातल्या झऱ्यावर आपल्या शेजारच्या पोरांसाठी कातलेली कोकेशी राहिली. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

मुलांच्या भेटींची एक गोष्ट मात्र उलट दिशेने गेलीय, आणि ती चिऊला जरूर सांग. लढाईनंतर तोक्योच्या मुलांनी हत्ती हवा म्हणून नेहरूंना पत्रं लिहिली, आणि १९४९ मध्ये इंदिरा नावाची हत्तीण इथून उएनोच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तुम्ही तिथे जाता तेव्हा चिऊला सांग, इथल्या मुलांकडून तिथल्या मुलांना गेलेली भेट होती ती.

डारुमाचं काय झालं ते राहिलंच. त्याचे दोन्ही डोळे पांढरे, कोरे. आपल्या खालच्या मजल्यावरची मुलगी यंदा दहावीला आहे. तिने तो पाहिला आणि विचारलं, ‘आजी, याचे डोळे रंगवायचे राहिलेत का?’ या दिवसांत लालबागमध्ये हा प्रश्न कुणालाही पडेल. गल्लीगल्लीत मांडव पडलेत, मूर्तींचे रंग होत आलेत आणि शेवटी राहते ती डोळ्यांची आखणी. ती साऱ्यांना जमत नाही. हाताखालची पोरं अंग रंगवतात, पीतांबर रंगवतात, पण आखणीला मुख्य मूर्तिकारच बसतो. मी तिला गल्लीतल्या कारखान्यात घेऊन गेले. मूर्तिकाराने बारीक कुंचला रंगात बुडवून बोटाने त्याचं टोक सारखं केलं, श्वास धरला, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली, मग बाहुली, मग बाहुलीत पांढरा ठिपका. ठिपका पडला आणि मूर्ती आमच्याकडे बघू लागली. ती मुलगी एक पाऊल मागे सरली, मनू.

मग मी तिला डारुमाची रीत सांगितली. तो बोधिधर्म, दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेला साधू अशी परंपरा आहे; म्हणजे तसा आपल्याच बाजूचा. मूर्तिकाराने तिच्या हातात कुंचला दिला आणि तिने एक डोळा स्वतः रंगवला. जरा वाकडा झालाय. दुसरा ती निकालाच्या दिवशी रंगवणार आहे. डारुमा आता तिच्या अभ्यासाच्या फळीवर आहे. माझ्या शोकेसमध्ये तो एक लाल गोळा झाला असता. तिच्याकडे त्याला निकालाचा एक दिवस मिळालाय.

कापडी थैल्या पोरींनी पहिल्याच दुपारी ओळखल्या. एक वर उडवायची, खालची उचलायची, वरची झेलायची. सागरगोटेच ते. मी माझे जुने सागरगोटे काढले आणि आता दोन्ही चालू आहेत. एका थैलीची शिवण उसवली, तुझी शिवणारी आत्या जिवंत आहे, शिवली. डुगडुगी बारक्याकडे आहे. तू आलीस की चिऊला आपण वरळीला पोदार रुग्णालयासमोरच्या जपानी बौद्ध मंदिरात नेऊ. तिथल्या प्रार्थनेत हातात धरायचा चपटा ढोल वाजवतात, तो तिला नक्की आवडेल. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही नेऊ. तिथे शंभरावर वर्षांपूर्वी केलेल्या मातीच्या छोट्या छोट्या माणसांत अख्खी मुंबई आहे, पगड्या-पागोट्यांसकट. संग्रहालयांशी माझं भांडण नाही. त्यांनी राखलं म्हणून आपण पाहतो. पण घराने संग्रहालय होऊ नये.

आता माझी मागणी, आणि ती मी हक्काने करतेय.

चिऊला खेळणी कमी दे. पण जी देशील त्यांना एकेक दिवस ठरवून दे आणि तो दर वर्षी पाळ. तिच्या वाढदिवसाला तुम्ही डोंगरात जाता, तर तिथली एक कोकेशी दर वर्षी घे, कातणाऱ्याच्या हातून घे, आणि तळाच्या सहीखाली तारीख लिही. तिला पाचवं लागायच्या आत तिथेच बोरन्हाण कर. हलव्याचे दागिने मी गिरगावातून करून पाठवते, तू वरून बोरांऐवजी कोनपेइतो ओत. तिथल्या मराठी मंडळातल्या चार पोरांना बोलाव, तिच्या शाळेतल्या जपानी मैत्रिणींनाही बोलाव. जुन्या ओढण्या जपून ठेव, मी आले की आपण दोघी चिमणाळं शिवू. पाळणा संपला तरी खिडकीत टांगू, आणि तुझ्या धाकट्या जावेच्या बाळाला ते बारशाला देऊ. तू शिकून घे मात्र, नुसतं माझ्याकडून करून घेऊ नकोस.

नातेवाइकांना भेटी काय आणू असं विचारलंस. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनाच खेळणं आण. बाकीच्यांना कोनपेइतो.

आणि जे मघाशी अर्धं सोडलं ते : सावंतवाडीचं खेळणं घेताना करणाऱ्याचं नाव विचारायचं. तिथल्या दुकानदारांना, कारागिरांना मी दर खेपेला सांगते, तळाशी नाव लिहा. बहुतेक जण लाजतात, ‘आमचं नाव कशाला, बाई’ म्हणतात. दहा गिऱ्हाइकांनी आग्रह धरला की अकराव्या वेळी ते आपणहून लिहितील. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. घेताना घासाघीस करू नका, आणि नाव लिहून घ्या.

दिवाळीला तू येतेयस. किल्ला झाला, भाऊबीज झाली की मी चिऊला घेऊन वाडीला जाणार आहे, तुलाही यायचं असेल तर चल. तिला चितार आळीत नेऊन लेथसमोर बसवायचंय, खेळणं घडताना बघू दे आणि तिचं तिला निवडू दे. दादरहून तुतारी एक्सप्रेस थेट सावंतवाडीला जाते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून तुमच्या येण्याची पक्की तारीख मला या आठवड्यात कळव.

जावईबापूंना आशीर्वाद, चिऊला गोड पापा.

तुझी,
आत्या